दिवसाला एका चहाचे पैसे

४ जानेवारी

बब्या,

पैसे काल तुझ्या खात्यात जमा झाले. तीन लाख साठ हजार. बँकेतल्या मुलीने मला तीनदा विचारलं, "मॅडम, नक्की ना?" मी नक्की म्हटलं, पण बाहेर पडल्यावर पासबुक उघडून उरलेला आकडा दोनदा वाचला, हे तुला कळलेलं बरं. एकतीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात उभं राहून माझे दोन्ही गुडघे गेले. त्यातल्या एका गुडघ्याचे हे पैसे आहेत असं समज.

आजच्या आज चारही कार्डांची थकबाकी आणि त्या स्कूटरचं उरलेलं कर्ज भरून टाक. यापुढे तुला एकच सावकार, तो म्हणजे मी. दरमहा पंधरा हजार, चोवीस महिने. व्याज नाही, पण पथ्य आहे. कार्डं कापून तुकडे मला पाठवायचे. सगळे तुकडे हवेत, मी जुळवून बघणार आहे. दर महिन्याला हप्त्याबरोबर पत्र लिहायचं, काय काय घ्यावंसं वाटलं आणि काय काय घेतलंस ते सगळं. फोन करायचा नाही. फोनवर तू मला हसवतोस आणि मी कशासाठी चिडले होते तेच विसरते. किराणा, औषधं आणि लेकीची फी सोडून पाचशेच्या वर काहीही घ्यायचं झालं तर आधी मला पत्राने विचारायचं. पत्र यायला चार दिवस, उत्तर जायला चार दिवस. आठ दिवसांत ताप उतरतो. नाही उतरला तर तो साधा ताप नाही, मग बघू.

तुझ्या बायकोला मी काही कळवलेलं नाही. तू सांग. आजच.

ताई


१० जानेवारी

ताई,

नमस्कार, आणि तुकडे सोबत आहेत.

हिला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेऊन आली. पहिलं कार्ड तिने कापलं, दुसरं लेकीने, तिसरं पुन्हा तिने, आणि चौथं माझ्यापुढे धरलं. ते सोनेरी होतं. माझ्याच्याने कापवेना. ही म्हणाली, "डोळे मिटून काप." मिटले, आणि बोट कापून घेतलं. त्या तुकड्यावरचा डाग खरा आहे, नाटक नाही.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, हे झालं कसं. मी पीत नाही, पत्ते खेळत नाही. मी घरगुती यंत्रांच्या दुकानात हप्त्यांच्या काउंटरवर बसतो, हाच माझा आजार. दिवसभर मी लोकांना समजावतो की हे यंत्र घरात नसणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. इतकं छान समजावतो, ताई, की गिऱ्हाईक "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातं आणि पूर्ण पटलेला असा मी एकटाच तिथे उरतो. गेल्या वर्षी मालकांनी मला उत्तम विक्रेता म्हणून घड्याळ दिलं. त्यातली निम्मी विक्री मलाच झालेली होती.

घरात सध्या चालण्याचं यंत्र आहे, त्यावर कपडे वाळतात. रस काढायची तीन यंत्रं आहेत, तिन्ही वेगवेगळ्या पद्धतीने फळं वाया घालवतात. पाय चेपायच्या यंत्रात मांजर झोपतं.

आता एका परवानगीचं. फरशी पुसणारं एक गोल यंत्र आलंय, आपलं आपण घरभर फिरतं. आम्हा कर्मचाऱ्यांना निम्म्या किमतीत, नऊ हजारांत. म्हणजे बघ, सरळ नऊ हजार वाचतात, आणि ते वाचलेले नऊ मी तुला हप्त्यात देऊ शकतो.

लवकर कळव. साठा मर्यादित आहे.

बब्या


१६ जानेवारी

बब्या,

नाही.

तुकडे जुळवले. चारही कार्डं पूर्ण निघाली. बोट साबणाने धुवून कोरडं ठेव.

नऊ हजार घालवले की नऊ हजार वाचतात, हे गणित कुठलं? आपण दोघं एकाच शाळेत गेलो, मला कुणी असं शिकवलं नाही. तुमच्या दोन खोल्यांत ते यंत्र वळेपर्यंत घर संपेल. आणि फरशी पुसायला तुला दोन हात आहेत, आपले आपण फिरणारे.

माझं बरं चाललंय. निवृत्त होऊन पाच महिने झाले. साडेपाचला जाग येते, सातपर्यंत सगळं आवरून होतं, आणि मग समोर अख्खा दिवस असतो. काल समोरच्या घरातल्या आजोबांचा रक्तदाब दोनदा मोजून आले. तिसऱ्यांदा गेले तर त्यांनी आतून कडी लावून घेतली. मागे सुपरमार्केटात कसलीशी चिठ्ठी भरून डब्यात टाकली होती, तिथून फोन आला की मला प्रवासाची बॅग बक्षीस लागली आहे, हॉटेलात येऊन घेऊन जा. मी कशाला जातेय!

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

पहिला हप्ता पाठवला. पंधरा हजार, एकही कमी नाही. पाठवल्यावर मला इतकं श्रीमंत वाटलं की ताबडतोब काहीतरी घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

तुझं आठ दिवसांचं औषध लागू पडतंय. तुझं "नाही" हातात पडलं तेव्हा मी मागितलं काय होतं हेच मला दोन मिनिटं आठवेना. मग आठवलं आणि वाईट वाटलं, पण अर्धा तासच.

घरी यायचा रस्ता बदललाय. मुख्य रस्त्यावर अठरा दुकानं लागतात, त्यातल्या अकरा दुकानांत मला नावाने ओळखतात. म्हणून मागच्या गल्लीने येऊ लागलो. तिथे नुसती टायरची दुकानं. पहिला आठवडा फार छान गेला. दुसऱ्या आठवड्यात एका टायरवाल्याशी पाऊण तास बोललो. आता मला टायरच्या खाचांमधलं इतकं कळतंय की आपल्याकडे गाडी नाही याचं दुःख व्हायला लागलंय. ही म्हणाली, "उद्यापासून नदीकाठाने या." लांब पडतं, पण तिथे विकायला काही नाही.

दुकानात मात्र एक घोटाळा झाला. एक म्हातारं जोडपं आलं होतं. घरात दोघंच, आणि चार दारांचा फ्रिज बघत होते. मी बोलबोल बोललो, आजोबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ दिवस थांबा, मग या." दोघं माझ्याकडे बघतच राहिली. आजीने आजोबांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि त्यांना उठवलं. मालक माझ्या मागेच उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मीच दिसतोय ना याची खात्री करून घेतली.

बब्या


२५ फेब्रुवारी

बब्या,

हप्ता मिळाला. शाबास. टायरचं वाचून मी घरात एकटीच मोठ्याने हसले. नदीकाठाची युक्ती तुझ्या बायकोची आहे, तिचं ऐकत जा.

ती बॅग आणली. बॅगेपुरतीच गेले होते. निळी आहे, खाली चाकं आहेत. हॉटेलातल्या हॉलमध्ये फार अगत्याने बसवलं, फळांचा रस दिला. तिथे टाय लावलेले एक गृहस्थ होते, बोलायला अतिशय नम्र. निवृत्त झाल्यापासून माझ्याशी इतका वेळ सलग कुणी बोललं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही आजवर स्वतःसाठी काय केलंत?" बब्या, मी भाऊ शिकवला म्हटलं, ते म्हणाले, ते भावासाठी झालं.

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. माणसाने कधीतरी स्वतःसाठी जगावं. हे तुला लागू नाही, तू भरपूर जगून झालास.

एक विचारायचं होतं. तुमच्या दुकानात कुणी थोडे पैसे आगाऊ भरले आणि घरी गेल्यावर नको वाटलं, तर पैसे परत मिळतात का? ओळखीच्या एका बाईंसाठी विचारतेय.

ताई


३ मार्च

ताई,

दुसरा हप्ताही पूर्ण पाठवला आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि हिला दिलं. हिने तीनदा वाचलं. मग लेकीला खाली खेळायला पाठवलं आणि आम्ही दार लावून बोललो.

ताई, मी धाकटा. मी हे बोलावं की नाही कळत नाही, पण आई-बाबा नाहीत, मग कोण बोलणार? हॉटेल. निळी बॅग. टाय लावलेले नम्र गृहस्थ. सलग बोलणं. स्वतःसाठी जगावं. आम्ही काही कुक्कुली बाळं नाही. आमच्याकडून पूर्ण संमती आहे. एकसष्ट हे काय वय आहे? ही तर म्हणते, हे फार आधी व्हायला हवं होतं. गृहस्थ काय करतात, मुलंबाळं आहेत का, प्रकृती कशी आहे (रक्तदाब तू मोजलाच असशील) एवढं कळव. आम्ही चारचौघांसारखे भेटायला येऊ.

तुझ्या ओळखीच्या बाईंना सांग, आमच्याकडे आगाऊ रक्कम परत मिळत नाही. कुणी परत मागायला आलं तर त्याला मी आणखी एक वस्तू विकून घरी पाठवायचो.

या महिन्यात घ्यावंसं वाटलं ते कॉफीचं यंत्र. घेतलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापुढे उभा राहून वास घेतो, तेवढाच. घेतली ती छत्री, दीडशेला, म्हणजे नियमात बसते. लग्नात काय घालायचं यावर मात्र घरात चर्चा सुरू झाली आहे. ते पाचशेच्या वर जाईल, तेव्हा हाच परवानगीचा अर्ज समज.

बब्या


८ मार्च

मूर्खा,

तुम्ही दोघंही मूर्ख. ते गृहस्थ अठ्ठावीस वर्षांचे आहेत आणि मला आई म्हणतात.

आता सांगणंच भाग आहे. ओळखीच्या बाई म्हणजे मीच. हा एक सुट्टी क्लब आहे. एकदा सभासद झालं की पंचवीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, डोंगरातल्या त्यांच्या हॉटेलात राहायचं. चार लाख ऐंशी हजार, हप्त्याहप्त्याने. मी वीस हजार आगाऊ भरून आले. त्यातले पंधरा तुझ्याच पहिल्या हप्त्याचे. वीस तारखेला मोठ्या कागदावर सही आहे. त्यानंतर दरमहा पैसे बँकेतून परस्पर जातील.

बब्या, मी आयुष्यात बर्फ बघितला तो बादलीत, पेशंटचा ताप उतरवायला. सुट्ट्यांच्या मोसमात कधी रजा मागितली नाही. ज्यांना पोरंबाळं होती त्यांना जाऊ दिलं. क्लबवाल्यांनी तिथे भिंतीवर मोठमोठे बर्फाचे डोंगर दाखवले. एका खोलीच्या खिडकीत खुर्ची होती. त्या खुर्चीत मला मी बसलेली दिसले. मग माझा हात पर्सकडे गेला.

आणि काही फार महाग नाही. त्यांनी मांडून दाखवलं. दिवसाला एका चहाचे पैसे.

मला उपदेश करू नकोस. मी तुझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी आहे.

ताई

लग्नाचे कपडे घेऊ नका.


१३ मार्च

ताई,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. काल तुला सहा वेळा फोन केला, नियम मोडून. तू उचलला नाहीस, नियम पाळून. मग बसस्टँडवर गेलो. जाऊन-येऊन तिकीट सातशेचं. म्हणजे तुझी परवानगी हवी, ती यायला आठ दिवस, आणि आठ दिवसांनी वीस तारीख उलटलेली. तिकिटाच्या खिडकीपाशी मी वेड्यासारखा हसत उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "घेताय का जाताय?" तुझा नियम मोडून तुला शिकवायला कुठल्या तोंडाने येऊ? घरी परतलो आणि लिहायला बसलो.

हा उपदेश नाही. मी तुला माझ्या धंद्याचं पोट उघडून दाखवतो.

"दिवसाला एका चहाचे पैसे" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. आम्हाला ते शिकवतात. मोठा आकडा कधी अख्खा दाखवायचा नाही, त्याचे इतके बारीक तुकडे करायचे की गिऱ्हाइकाला तो खिशातला सुटा पैसा वाटावा. तू हिशेब जुळव. चार लाख ऐंशी हजारांना पंचवीस वर्षांच्या दिवसांनी भागलं तर रोजचे बावन्न होतात. तू कुठे पितेस असा चहा? आणि कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात देखभालीचा खर्च असेल, तो वेगळा. मी कागद पाहिलेला नाही तरी सांगतो, असेल.

"स्वतःसाठी काय केलंत?" हाही शिकवलेला प्रश्न आहे. आमच्याकडे तो तिसऱ्या क्रमांकाला येतो, रस पिऊन झाल्यावर. वाईट एवढंच की प्रश्न खरा असतो, म्हणून लागतो. तुझ्याकडे भावाखेरीज सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याला मीही कारण आहे, हे लिहिताना मला कसंतरी होतंय.

सही करायची की नाही ते तू ठरव. नाही म्हणायचं ठरलं तर मऊ खुर्चीत बसू नकोस, त्यातून उठायला वेळ लागतो आणि तेवढ्यात माणूस विरघळतो. रस देतील तो पी. आणि कारण देऊ नकोस, ताई. एकही कारण नाही. पैसे नाहीत म्हटलं तर हप्ते लहान करतील, गुडघे म्हटलं तर लिफ्ट दाखवतील, भाऊ नको म्हणतो म्हटलं तर भावाची खोली फुकट देतील. मी वीस वर्षं लोकांच्या कारणांवर पोट भरलंय. नुसत्या "नको" पुढे मात्र माझी नेहमी बोबडी वळते.

बब्या


२२ मार्च

बब्या,

पत्र सतराला मिळालं. पहिल्यांदा वाचून रागाने ड्रॉवरमध्ये कोंबलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्यांनी दिलेल्या कागदाची मागची बाजू वाचली. देखभालीचे वर्षाला चौदा हजार, दरवर्षी वाढत जाणार. आणि बर्फ पडतो त्या तीन महिन्यांत सभासदांना खोली "उपलब्ध असल्यास". म्हणजे बर्फ नसेल तेव्हा मी खुशाल बर्फ बघायला जावं.

वीसला गेले. मऊ खुर्ची पुढे केली, मी लाकडी मागून घेतली. रस दोन ग्लास प्यायले.

"आई, हे पेन घ्या."

"नको."

"काही शंका आहे का?"

"नाही."

"पैशांची अडचण? हप्ता कमी करून देतो."

"नको."

"घरी कुणी काही बोललं का?"

"मी नको म्हणतेय ना."

तू लिहिलंस तसंच झालं. तो माझ्याकडे कारण मागत होता आणि मी देत नव्हते. घामाघूम झाला बिचारा. आत जाऊन साहेबांना घेऊन आला. साहेबांचा टाय आणखी रुंद. ते म्हणाले, "मॅडम, फक्त आज, फक्त तुमच्यासाठी, चार लाख." एका मिनिटात ऐंशी हजार उतरले. मी म्हटलं, "आणखी थोडी बसले तर फुकट होईल का?"

मग आगाऊ पैशांचा विषय काढला. साहेब म्हणाले, "ती रक्कम परत मिळत नाही, नियम आहे."

"बरं," म्हटलं. "मग मी बाहेर बसते."

बाहेर बॅगेसाठी बोलावलेली सात जोडपी रांगेने बसली होती. त्यांच्यात जाऊन बसले. माझा वॉर्डातला आवाज अजून शाबूत आहे, शेवटच्या खाटेपर्यंत जायचा. शेजारच्या बाईंना विचारलं, "बर्फ बघायला निघालात का? बर्फात खोली नाही देत हो. मागच्या पानावर आहे. चष्मा आणला नाहीत? घ्या, माझा घ्या." माझा चष्मा त्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. तीन जोडपी उठून गेली, त्यातल्या एकांनी बॅगही घेतली नाही.

वीस मिनिटांत साहेब स्वतः चेक घेऊन आले. एकोणीस हजार. एक हजार कागदपत्रांचा खर्च म्हणून कापला. त्यावर भांडले नाही. ती माझी शिकवणीची फी.

टायवाला जिन्यापर्यंत सोडायला आला. खाली बघत म्हणाला, "आई, खरं सांगू? मीही सभासद आहे. इथे सगळ्यांना व्हावंच लागतं. पगारातून कापतात."

"मग जाऊन आलास की नाही?"

"रजा मिळत नाही."

त्याच्या डोळ्यांखाली काळं झालंय. वेळेवर जेव म्हटलं, आणि तुझ्या पत्रातलं ते धंद्याचं पोट उघडणारं मधलं पान त्याला देऊन टाकलं.

तू बसस्टँडवरून परत फिरलास ते बरं केलंस. आला असतास तर माझी सुटका झाली असती आणि सभासद तू झाला असतास.

ताई


५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. चष्म्याच्या ठिकाणी हिला हसून हसून ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

आता वाईट. या महिन्याचा हप्ता बारा हजारच आहे. तीन कमी. शपथेवर सांगतो, काहीही घेतलेलं नाही, छत्रीसुद्धा नाही. कमिशन घसरलं. तुला ते पत्र लिहिल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. "दिवसाला एका" इथपर्यंत येतो आणि पुढे गाडी अडते. गेल्या आठवड्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई कपडे धुवायचं मोठं यंत्र घ्यायला आल्या. मी व्याजासकट पूर्ण आकडा एका दमात सांगितला. त्या खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं, आणि सर्वांत लहान यंत्र रोख पैसे मोजून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "देव भलं करो." मालक म्हणाले, "देव कमिशन देणार आहे का तुला?"

ते म्हातारं जोडपं परत आलं, साधा दोन दारांचा फ्रिज नेला. बाकी मी ज्यांना थांबा म्हटलं त्यातलं कुणी आलं नाही.

ताई, मी अडकलोय. तुझं कर्ज वेळेत फेडायचं तर मला रोज चार जणांना कर्जात घालावं लागतं. मी काय करू? हे परवानगीचं पत्र समज. तुझं उत्तर येईपर्यंत घसा बसलाय म्हणून सांगितलंय. गिऱ्हाइकांशी खुणांनी बोलतो.

बब्या


१० एप्रिल

बब्या,

घशाचं नाटक आजच बंद कर. उगाच सुंठ चघळत बसला असशील.

लोकांना खोटं सांगून मिळवलेले तीन हजार मला नकोत. बारा पाठव. दहा झाले तरी पाठव. मुदत लांबली तर लांबू दे.

मालकांना जाऊन सांग की विकायच्या काउंटरवर तुमचं नुकसान होतंय, मला दुरुस्तीच्या काउंटरवर बसवा. तिथे येणारा माणूस आधीच चिडलेला असतो, त्याला खरं बोलणारं कुणीतरी हवंच असतं. मालक ओरडले तर ओरडू देत. मी सर्जन लोकांचं ओरडणं ऐकलंय, त्याने काही होत नाही. आणि गुळण्या कर, खरोखर बसला असेल तर.

ताई


३ डिसेंबर

ताई,

तू डोंगरात जाणार असल्याचं मागच्या पत्रात वाचलं. हे पत्र तू परतेपर्यंत तुझ्या दाराशी पोहोचलं असेल. या महिन्याचे दहा हजार पाठवले.

दुरुस्तीच्या काउंटरवर आता माझा जम बसलाय, तिथल्या मिस्त्रींकडून हातकामही शिकलो. काल एक जण एकोणीस वर्षांचा मिक्सर कडेवर घेऊन आला, लेकरू आणावं तसा. "टाकून द्या म्हणाल ना?" म्हणाला. मी उघडला, आतली एक तार सुटली होती. चाळीस घेतले. तो माझ्याकडे असा बघत होता की मला कानकोंडं झालं. वीस वर्षांत विकताना माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मालकही हल्ली चष्मा पुसत नाहीत. दुरुस्तीला आलेली माणसं कधीमधी काहीतरी विकतही घेतात.

आणि आता मोठी बातमी. मी संध्याकाळी घरोघर जाऊन दुरुस्तीची कामं घेऊ लागलोय. मधे रसाची तिन्ही यंत्रं आणि चालण्याचं यंत्र विकून तुला अकरा हजार पाठवले होते, त्यामुळे कपड्यांना दोरी बांधावी लागली, पण आता कामांमुळे हातात बरे पैसे येतायत. हिने आणि मी हिशेब केला. तुझे अजून दोन लाख सत्तावीस हजार राहिलेत. पुढच्या महिन्यापासून मी वीस-वीस हजार पाठवतो. वर्षाच्या आत तू मोकळी आणि मीही मोकळा. मग ना पत्र, ना परवानगी. सुटलीस माझ्या कटकटीतून!

बब्या


१५ डिसेंबर

बब्या,

काल परतले. दार उघडलं तर तुझं पत्र पायाखाली आलं. बॅग तशीच ठेवून उभ्यानेच वाचलं.

बर्फ पाहिला. पहिल्याच दिवशी घसरून पडले आणि तशीच बसून राहिले, उठावंसंच वाटेना. लोक धावत आले उचलायला, मी म्हटलं, राहू द्या, बरं वाटतंय. साधंसं लॉज होतं, रोख पैसे दिले, येण्याजाण्यासकट साडेआठ हजारांत झालं. तिसऱ्या दिवशी लॉजवाल्या बाईंचा पाय मुरगळला, तो बांधून दिला. तर चौथ्या दिवशी सकाळी रक्तदाब मोजून घ्यायला गावातली नऊ माणसं दारात. त्यातल्या एका आजींनी माझा हात सोडलाच नाही, सगळं घरचं सांगत बसल्या. सुट्टी राहिली बाजूला, फार मजा आली.

तुझ्या वीस हजारांचं. पत्र उभ्याने वाचलं, पण विचार खुर्चीत बसून नीट केला. नाही. दहाच पाठवायचे. संध्याकाळी घरोघर फिरतोस, मग लेकीचा अभ्यास कोण घेतं? तिच्याबरोबर बसत जा.

वीसने फेडलंस तर वर्षाच्या आत संपतं. दहाने जवळजवळ दोन वर्षं जातील. मला घाई नाही. इथे महिन्याच्या पाच-सहा तारखेपासून मी पोस्टमनची वाट बघते, तो आता मला लांबूनच मान हलवून पत्र आहे की नाही ते सांगतो. समोरच्या आजोबांना तुझं टायरचं पत्र वाचून दाखवलं तेव्हापासून ते कडी लावत नाहीत, उलट विचारतात, भावाचं काय नवीन.

तेव्हा नियमाप्रमाणे दहा. त्याहून जास्त पाठवलेस तर परत करीन. आणि यावेळचं पत्र दीडच पान होतं. दोन पानं लिहीत जा, दोन्ही बाजूंनी.

ताई